हरले म्हटल्याशिवाय

ती. अक्का, तुझ्या आगाऊ बहिणीचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, एवढं आधी वाच, मग पुढचं. तुझा गुडघा कसा आहे? भावजींना हे पत्र दाखवू नकोस, वर्षभर चिडवतील.

पोरांना सुट्टी म्हणून लेक-सून आम्हाला जुने किल्ले दाखवतायत. पानगळ सुरू झालीय, हवा छान आहे. काल किल्ला बंद व्हायची वेळ झाली आणि धाकटी नात, आपली चिमणी, कुठे दिसेना. लेकाने हाका मारल्या, पहारेकऱ्याने शिट्ट्या फुंकल्या. सून तर उघड्या विहिरीत वाकून बघायला लागली.

मग डोक्यात आलं. "लपायला काय झकास जागा आहे," असं किल्ल्यात शिरताना मीच चिमणीला म्हटलं होतं. घरी लपाछपीत मी "ये गं, जेवायला वाढलंय" अशा खोट्या हाका मारून तिला फसवते. म्हणून आजीने हार मानल्याशिवाय ती बाहेर येतच नाही. आणि मी कसली मानते.

भर चौकात ओरडले, "चिमणे, हरले गं मी."

तोफेमागच्या कोनाड्यातून कोळिष्टकं माखून आली आणि म्हणते कशी, "आजी, परत म्हण."

सून तेव्हापासून माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलते. वाटलं, आज मला खोलीवरच ठेवणार. पण निघताना तिने एका हाताने चिमणीला धरलं, दुसऱ्याने मला. जास्त घट्ट कोणाला धरलंय, ते मात्र विचारू नकोस.

तुझीच,
धाकटी