विचारलं तेवढंच

प्रिय ठमे,

परवा फोनवर एकमेकींचे चेहरे बघत इतकं बोललो, तरी आज पत्र लिहायला बसले आहे. तू म्हणशील, ताईला उद्योग उरले नाहीत. खरंच उरले नाहीत. शिवणयंत्र खिडकीपासून हलवलं, कारण गालांवर ऊन आलं की लाल चट्टे उठतात. सकाळी बोटं आखडलेली असतात. बरण्यांची झाकणं तुझे भाऊजी उघडतात आणि दरवेळी लढाई जिंकल्यासारखा चेहरा करतात.

आपल्या शाळेतल्या मोठ्या सिस्टर आठवतात ना? विचारलं तेवढंच सांगायचं, हा त्यांचा लाडका नियम. तू तर इतकी गुणी, की अंगात ताप असताना त्यांनी पाढा विचारला म्हणून आधी तो पूर्ण म्हटलास आणि मगच भोवळ येऊन पडलीस. रिबीनसुद्धा सुटली नव्हती.

मीही तशीच वागत आले. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळे सांगितले, त्वचेच्या डॉक्टरांना चट्टे, हाडांच्या डॉक्टरांना बोटं. तोंडात वरचेवर येणारे फोड कुणालाच सांगितले नाहीत, कारण ते कुणाच्या वाट्याचे तेच कळेना. ज्याने त्याने आपापलं औषध दिलं.

मग हा नवा दवाखाना मिळाला. इथे आठवड्यातून एकदा सगळे डॉक्टर एकाच टेबलाभोवती बसतात. सोबत व्यायाम शिकवणाऱ्या बाई आणि मनातलं ऐकून घेणारी एक तरुण मुलगी. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, ताई, मी काही विचारत नाही, तुम्हीच बोला. मला घामच फुटला. फोडांपासून सुरुवात केली ती आई गेल्यानंतर उडालेल्या झोपेपर्यंत पोचले. हळूहळू ते मला विसरून आपसातच बोलू लागले, अबोला धरलेल्या जावा एकदम बोलू लागाव्यात तसे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, अहो, हे आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, तुम्ही विचारलंच नाहीत! सगळे हसले. आजार एकच निघाला. शरीराचे राखणदारच घरच्यांवर काठी उगारतात, असं बाईंनी समजावलं. तो जात नाही, आटोक्यात राहतो. तोवर मूत्रपिंडाला झळ पोचली होती. लवकर कळतं तर ती टळली असती, इतकंच.

घरात आणखी कुणाला आहे का, असंही त्यांनी विचारलं होतं. बहीण ठणठणीत आहे, असं मी सांगून टाकलं. परवा मी तब्येत विचारली तेव्हा तूही छान म्हणालीस. पण कप तू दोन्ही हातांनी धरला होतास. बोटात अंगठी नव्हती. भरदुपारी पडदे ओढलेले होते, आणि चहा पार निवेपर्यंत तू तोंडाला लावला नाहीस. ठमे, मी त्या टेबलापाशी तुझ्यासाठी वेळ मागून ठेवली आहे. शेजारच्या खुर्चीत मी बसेन. तू फक्त ये. आणि त्याआधी मला उत्तर लिही. मी विचारलेलं नाही, ते सगळं त्यात लिही.

तुझीच, न विचारता सांगायला शिकलेली,
ताई