मंदाक्रांतेचा हौशी वर्ग

२ नोव्हेंबर १९३६, सोमवार. सकाळी.
आजपासून घोडीविषयीची नोंद रोज, न चुकता. जिमखान्याच्या मैदानावर वीस डिसेंबरला घोड्यांचे प्रदर्शन आहे. त्यात लहान चणीच्या घोड्यांसाठी यंदा प्रथमच 'हौशी वर्ग' काढला आहे. पहिल्या नंबराला चांदीचा पेला. तो मंदाक्रांतेचा, यात शंका नाही. पेठेच्या बाजारातून आणली तेव्हा हिला 'ढबी' म्हणत. चाल पाहून मी वृत्ताचे नाव ठेवले. लहानपणी आमच्या शाळेत इन्स्पेक्टरसाहेब पांढऱ्या घोडीवरून येत आणि आम्ही पोरे पाठ केलेली कविता विसरत असू. हुबेहूब तीच ही. सौ. म्हणाली, ती पांढरी होती ना? ही तर चुलीतल्या राखेसारखी. सौ.ला काव्य नाही.
संकल्प: रोज पहाटे उठून खरारा स्वतः करणे.

३ नोव्हेंबर.
नदीवरून बोचरा वारा. खरारा सौ.ने केला. मी खिडकीतून सूचना दिल्या.

५ नोव्हेंबर.
कालची नोंद राहिली. खरारा वरीलप्रमाणे.

८ नोव्हेंबर, रविवार.
कमिटीची सभा. सेक्रेटरी यादवराव माझे जुने विद्यार्थी. वृत्ते कधी जमली नाहीत, पण माणूस सज्जन. रविवार कारंजावरचा हनीफ टांगेवालाही अर्ज घेऊन आलेला. त्याची घोडी बिजली टांग्याला जुंपत नाहीत. ती त्याच्या मुलीची, जहिदाची. तिनेच शिंगरापासून वाढवली. बिजलीची मान पाहिली. अशी मान की, असो.
मी उभा राहून विचारले, ज्याची चूल घोड्यावर चालते, त्याला हौशी म्हणावे काय? हनीफ म्हणाला, मास्तरसाहेब, तुमची चूल कवितेवर चालायची. मग तुम्हाला कवितेची हौस नव्हती का? सभा हसली. हसणे म्हणजे युक्तिवाद नव्हे.
माझी दोन्ही कलमे मंजूर. पहिले: घोड्याच्या कामाबद्दल ज्याने कधीही काहीही घेतले, रोख वा वस्तुरूपाने, तो हौशी नव्हे. दुसरे: चंदी, पाणी, खरारा स्वतःच्या हाताने करणाऱ्याचाच अर्ज घ्यावा, नोकर चालणार नाही. यादवराव म्हणाले, सर, 'कधीही काहीही' जरा जास्त होतंय. मी म्हणालो, न्यायात कमी-जास्त नसते.

१० नोव्हेंबर.
पहिल्या कलमाने हनीफचा अर्ज परत. दुसऱ्याने अर्ज केलेले एक वकीलसाहेब गेले, कारण त्यांच्याकडे घोड्याची निगा राखायला मोतद्दार आहे. दोघांबद्दल मनापासून वाईट वाटले. झोप उत्तम लागली.
खराऱ्याचे पाहायला हवे. तूर्त देखरेख माझी असल्याने हातही तत्त्वतः माझाच.

२२ नोव्हेंबर.
मागच्या अंगणात रिंगणाचा सराव. भुजंगप्रयात म्हटले की दुडकी, मंदाक्रांता म्हटले की संथ चाल, अशी योजना. घोडी दोन्हींना डोळे मिटून उभी राहते. सौ.ने चंदीचे पातेले वाजवले की मात्र चालते. तो केवळ नाद. संस्कार माझे.

३ डिसेंबर.
शेजारच्या सोमाशेटच्या मुलाची वरात. ठरलेला घोडा ऐनवेळी लंगडला, म्हणून मंदाक्रांता मागायला आले. शेजारधर्म! नवरदेवाला घेऊन घोडी इतकी सावकाश चालली की वाजंत्रीवाले दमले. घोडी देणाऱ्याला शेला-पागोटे करायची रीत आहे. मी नको म्हटले, एकदा. पुन्हा म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान. केशरी पागोटे, जरीचा काठ. हा मोबदला नव्हे, मान आहे. इथे स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे मनात किंतु नको. वऱ्हाडाचे टांगे हनीफचे होते. म्हणाला, क्या बात है, मास्तरसाहेब, नवरदेव फिका पडला! बिचाऱ्याच्या मनात आकस नाही.

१९ डिसेंबर.
उद्या. हौशी वर्गात आता मी एकटाच उरलो आहे. आभाराचे भाषण तयार. सौ. म्हणाली, घोडीला आंघोळ घातली, तुम्हीही घालून घ्या.

२० डिसेंबर, रविवार. संध्याकाळी.
थोडक्यात लिहितो.
पागोटे घालून गेलो, मागे घोडीला धरून सौ. फाटकाशी यादवराव प्रत्येकाला कलमे वाचून विचारत होते. मी सांगितले, कधीही काहीही नाही. जहिदाला प्रदर्शन दाखवायला आलेला हनीफ शेजारीच उभा. म्हणाला, हे सोमाशेटच्या वरातीतलंच पागोटं ना? घाला, घाला, शकुनाचं आहे. यादवरावांनी पागोट्याकडे पाहिले, मग कागदाकडे. वस्तुरूपाने, असे पुटपुटले. मी मान आणि मोबदला यांतील भेद समजावू लागलो. मागून कोणी ओरडले, अहो सरका ना पुढे!
मग यादवरावांनी विचारले, खरारा कोण करतं? सौ. म्हणाली, मी. चंदी? मी. काही घेता का त्याबद्दल? सौ. म्हणाली, यांच्याकडून? लग्न झाल्यापासून काही मिळालं नाही, आता घोडीचं काय मिळणार! घोडी तिच्या पाटल्या मोडून घेतली, हेही तिने सर्वांदेखत सांगितले. गरज नव्हती. माझे नाव खोडून तिचे लिहिले.
सौ. पदर खोचून, पातेले घेऊन रिंगणात गेली. घोडी मागोमाग. देवळाली कॅम्पातून जज म्हणून आलेल्या कर्नलसाहेबांनी घोडीला बराच वेळ न्याहाळले आणि दुसरा क्रमांक दिला. पहिल्याच्या लायकीचे जनावर नाही म्हणाले. पेला पेटीत परत. वर्गात स्पर्धक एक.
भाषण केले नाही.

२१ डिसेंबर.
सौ. सकाळीच यादवरावांकडे जाऊन आली. पुढल्या वर्षी बिजलीचा अर्ज जहिदाच्या नावाने घ्यायचा, असे ठरवून आली. पोरीने कुठे टांगा हाकला आहे, म्हणाली. आणि एकटीनेच धावून दुसरं येण्यात काय मजा? हे मला सुचणारच होते.
दुपारी गूळ घेऊन घोडीपाशी गेलो. सौ.ने अडवले. म्हणाली, आता हात लावायचा नाही. कलम दुसरे. पुढच्या वर्षी कोणी पाहिलं म्हणून सांगितलं, तर माझा अर्ज जाईल. मी म्हणालो, मी का नोकर आहे? म्हणाली, ते कमिटी ठरवेल.
घोडी गुळाकडे पाहत होती. गूळ मीच खाल्ला.

२२ डिसेंबर.
तिसऱ्या कलमाचा मसुदा केला: 'मालकिणीच्या यजमानांनी घोडीस दुरून पाहण्यास हरकत नसावी.' सौ.ला वाचायला दिला. तिने चष्मा लावून वाचला, आणि 'दुरून'खाली रेघ ओढून परत दिला.