बटलरचं पोस्त

शनिवार, २८ ऑक्टोबर २०२३. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. सरूचा सल्ला. म्हणाली, बाबा, राग आला की लिहून काढा. मला राग येत नाही. पण एकुलती लेक, रोह्याला दिलेली, तिचं मन मोडवत नाही.

सरू आणि जावयाने आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला क्रूझचं तिकीट दिलंय. मुंबईहून निघायचं, तीन रात्री समुद्रात, परत मुंबई. बाल्कनीची खोली. खोलीला स्वतंत्र बटलर. अट एकच. बोटीवर मी कुणावर हात उचलला, तर मालू माझ्याबरोबर पेणला येणार नाही. सरूबरोबर रोह्याला जाईल, ती कायमची. मी हसलो. मालूकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. हसत नव्हती.

संकल्प: हात उचलायचा नाही. सोपं आहे. मी मुळात उचलतच नाही. समोरच्याच्या वागण्याने तो उचलला जातो.

दुपारी १२.
आमच्या पोह्याच्या गिरणीत एका हमालाने पोतं ओल्यात ठेवलं. त्याला समजावलं. एकाच ठिकाणी, कानाखाली. हे बोटीवर नाही, म्हणून धरत नाही.

सोमवार, ३० ऑक्टोबर.
बोटीवर टीप देण्याची काही पद्धत असते म्हणे. मला कोण शिकवणार? दर दिवाळीला गिरणीत पोस्त मीच वाटतो. आमच्या घराण्याची रीत आहे. पोस्ताचं पाकीट हातात द्यायचं आणि त्याच क्षणी पाठीत एक सणसणीत गुद्दा. माझ्या वडिलांपासून, आबांपासून चालत आलंय. नुसते पैसे दिले तर ती भीक झाली, गुद्दा बसला की माणूस आपला झाला, असं आबा म्हणायचे. कामगार वर्षभर वाट बघतात.

तरी तयारी पक्की हवी. कासू गावचा मुराद सध्या रजेवर आलाय. चौदा वर्षं परदेशी बोटींवर. आधी खोल्या आवरायचा, मग बटलर झाला. त्याला शिकवणी लावली.

गुरुवार, २ नोव्हेंबर.
पहिला धडा. मी पलंगावर बसलो. मुराद मालूचा ट्रे घेऊन दारातून आला. नियम असे. रूम सर्व्हिसने चहा आणला की बिलाच्या फोल्डरमध्ये सही करायची आणि नोट तिथेच ठेवायची. फेकायची नाही. 'घे रे' म्हणायचं नाही. बटलरचं रोज द्यायचं नाही. शेवटच्या दिवशी, पाकिटात घालून, नाव घेऊन, डोळ्यांत बघून.

मग म्हणाला, आणि शेठ, अंगाला हात लावायचा नाय.
मी विचारलं, पाठीलासुद्धा?
म्हणाला, पाठ अंगालाच लागलेली हाय ना.
माणूस उद्धट आहे, पण अभ्यासू.

एवढ्या लांब का बसतोस विचारलं, तर म्हणाला, शेठ, तुमचा हात कुठवर पोचतो ते अख्ख्या पेणला माहीत हाय. लोक अजून नाव घेतात, बरं वाटलं.

मुरादने एक युक्ती दिली. पाकीट उजव्या हातात, डावा हात खिशात. डावखुऱ्या माणसाला हे अवघड. अकरा वेळा करून दाखवलं. स्वयंपाकघरातून मालूचं हसू ऐकू आलं. या महिन्यातलं पहिलंच.

रविवार, ५ नोव्हेंबर. संध्याकाळी.
वडखळला प्रॅक्टिकल. नाक्याजवळच्या एका हॉटेलात मी आणि मुराद. वेटरने इडली सांबार आणलं. मी डोळ्यांत बघितलं. बिलाच्या बशीत वीसची नोट ठेवली. प्रेमाने नाव विचारलं. तो म्हणाला, नाव कशाला? कंप्लेंट करता काय? मी म्हटलं, नाही बाबा, टीप आहे. त्याने नोट उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, एवढी मिशी ठेवून वीस?

पुढचा तपशील नीट आठवत नाही. डावा हात शेवटपर्यंत खिशात होता, हे मुद्दाम नोंदवतो. जे झालं ते उजव्याने झालं. वेटरचा एक दात गेला. खुर्ची आधीच मोडकी असावी. मॅनेजरने सांबाराचा डाव माझ्या भुवईवर मारला. तीन टाके. मुरादने मला कॉलर धरून बाहेर ओढलं. रस्त्यावर धापा टाकत म्हणाला, शेठ, इथं बाहेर ओढायला रस्ता तरी हाय. बोटीवर चारी बाजूंनी पाणी.

घरी सांगितलं, बाथरूममध्ये पडलो. मालूने माझ्या शर्टाचा वास घेतला. म्हणाली, हॉटेलातल्या बाथरूममध्ये सांबार सोडतात काय हो?

नंतर ती साड्या काढून बसली. दोन ढीग केले. एक बोटीवर न्यायचा. दुसरा कशाचा ते विचारलं नाही. दुसरा मोठा होता.

संकल्प: बाहेरचं खायचं नाही. दोष सांबारात असतो.

शनिवार, ११ नोव्हेंबर.
उद्या लक्ष्मीपूजन. आज गिरणीत पोस्त. एकोणीस पाकिटं, एकोणीस गुद्दे. मन भरून आलं. शेवटी आमचा मुकादम गुणाजी. बासष्ट वर्षांचा, तीस वर्षं माझ्याकडे. अंगात स्वेटर. यंदा थंडी लवकर पडलेली दिसते, कारण बऱ्याच जणांच्या पाठी जाड लागल्या. गुणाजीच्या स्वेटरखाली तर चक्क घडी घातलेलं गोणपाट होतं. माझ्या ते लक्षात आलं म्हणून त्याला जरा जोरात दिला. तो पोत्यांवर कोसळला. बराच वेळ खोकत राहिला. रुमालाला थोडं लाल लागलं. मी स्वतःच्या हाताने पाणी दिलं. असा मालक आता राहिला नाही.

मुराद फाटकाशी उभा राहून सगळं बघत होता. सांगायला आला होता की त्याच्या बहिणीचा मुलगा शरीफ नेमका त्याच बोटीवर बटलर आहे. साहेबांना विनंती करून त्याने आमची खोली मागून घेतलीय. मग म्हणाला, घरचा पोरगा हाय शेठ. सांभाळा. त्याच्या पाठीला गोणपाट नाय.

सोमवार, २० नोव्हेंबर. बोटीवर.
खोली झकास. शरीफ सव्वीस वर्षांचा, उंच, पांढरा कोट, पांढरे हातमोजे. मूळ पेणजवळच्या जिते गावचा. मला सर म्हणतो. मालूला पहिल्या तासातच मावशी म्हणायला लागला.

एक किरकोळ गोष्ट. काउंटरवर कळलं की सर्व्हिसचा चार्ज रोज आपोआप बिलात लागतो. मी तिथल्या पोराला विचारलं, मग मी स्वतःच्या हाताने काय द्यायचं? तो इंग्रजीत हसला. त्याचा टाय वाकडा होता, तो मी सरळ केला. टायबरोबर पोरगाही थोडा वर आला. तोंड जांभळं झालं त्याचं. शरीफने मध्ये पडून माझी बोटं एकेक करून सोडवली.

खोलीत आल्यावर मालूने विचारलं, हे धरायचं काय?
मी म्हटलं, टाय म्हणजे कपडा. कपडा धरत नाहीत.
ती म्हणाली, बरं. हे एक सोडलं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर.
कुणालाही नाही. पूर्ण दिवस. विक्रम.

शरीफने बाल्कनीत चहा आणला. मालू त्याला त्याच्या आईबद्दल विचारत बसली. सकीना नाव. तिचे गुडघे दुखतात. मालूने तेल सांगितलं. मग पापड किती जाड लाटावा, जित्याला गाडी किती वेळ थांबते, काय काय. दीड तास बोलत होती. बायको स्वभावाने अबोल आहे अशी माझी पस्तीस वर्षं समजूत. समुद्राच्या हवेने माणूस बदलतो.

मी बाल्कनीत डोकावलो, तेव्हा गप्पा थांबल्या. आत येऊन बसलो, तेव्हा पुन्हा सुरू झाल्या. परत बाहेर गेलो नाही. मला ऐकायच्या होत्या.

बुधवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.
सगळं नियमाने केलं. शरीफ चहाचा ट्रे घेऊन आला, तो टेबलावर ठेवला. पाकीट उजव्या हातात. डावा खिशात. डोळ्यांत बघितलं. शरीफ, असं नाव घेतलं. मालू बाल्कनीच्या दाराशी उभी. मुराद बघता तर त्याला रडू आलं असतं.

शरीफने दोन्ही हात मागे घेतले. म्हणाला, सर, नाय घेता येणार. मामानं शपथ घातलीय. गाववाल्यांचं घ्यायचं नाय. मावशीला घेऊन सुखरूप घरी जा, तेच माझं पोस्त.

मी पाकीट त्याच्या खिशात कोंबलं. त्याने ते काढून हळूच टेबलावर ठेवलं. ट्रे उचलला, त्यावर वाफाळती किटली. आणि बाल्कनीत चहा मांडायला वळला.

आबांपासून आजवर आमचं पाकीट कुणी परत केलेलं नाही. समोर ती पाठ होती. पांढरी, ताठ, रुंद.

संध्याकाळी ७.३०.
चौकशी होईल म्हणून नोंद. तो मार नव्हता. आपलेपणा होता. डावा हात खिशातून कधी आला ते मला माहीत नाही.

शरीफ ट्रेसकट बाल्कनीच्या काचेवर गेला. काच फुटली नाही. त्याचं नाक फुटलं. किटली उजव्या हातावर उलटली. मालूने हातमोजा कात्रीने कापून काढला, त्याबरोबर कातडीही आली. तिने ओला टॉवेल गुंडाळला. सतत बोलत होती त्याच्याशी. बस रे बाळा, बस, हलू नको.

सिक्युरिटीचे दोघे आले. मी त्यांना पोस्ताची रीत समजावून सांगितली. त्यांना मराठी येत नव्हतं, त्यामुळे गैरसमज झाला. एकाने माझा हात पाठीमागे पिरगळला. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं.

मग शरीफ जमिनीवरूनच त्यांना म्हणाला, सरांनी काय नाय केलं. ट्रे जड होता, मीच घसरलो. नाकातून रक्त येत होतं, तरी हिंदीत दोनदा सांगितलं. मालूकडे बघून सांगितलं. मी म्हटलं, बघा, तोच सांगतोय.

मालू म्हणाली, नाय. ह्यांनी मारलं. मी बघितलं.

मग तेच त्यांना समजेल अशा हिंदीत म्हणाली.

गुरुवार, २३ नोव्हेंबर.
खोलीबाहेर पहारा. कॅप्टनने खास पत्र पाठवलं. या कंपनीच्या कुठल्याही बोटीवर मला आयुष्यभर प्रवेश नाही. सही त्याची स्वतःची.

बंदरावर पोलिसांनी चार तास बसवलं, जबाब घेतला, पुन्हा बोलावणार आहेत. सरू आली होती. मालू आधी शरीफबरोबर ॲम्ब्युलन्सने हॉस्पिटलात गेली, तिथून थेट रोहा. बॅग माझ्याकडे राहिली. त्यात तिच्या साड्या फक्त तीनच निघाल्या. बाकीच्या आधीच पोचल्या होत्या वाटतं.

मुराद आला. पहिल्यांदाच माझ्या हाताच्या अंतरात येऊन उभा राहिला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं, हिशेब मिटला असता. म्हणाला, माझ्या रजेचे बारा दिवस उरलेत शेठ. ते आता शरीफला भरवण्यात जातील. आणि गेला.

रविवार, २६ नोव्हेंबर. रोहा.
मालूला आणायला आलो. पूर्ण तयारीनिशी. आवाज खाली, चेहरा हसरा. सरूने पाणी दिलं. जावई शिफ्टवरून आलेला, सोफ्यावर. नात जमिनीवर चित्र रंगवत होती. मालू येऊन समोरच्या खुर्चीत बसली. अंगावर मोठ्या ढिगातली साडी.

मी मुख्य मुद्दा मांडला. म्हटलं, मालू, पस्तीस वर्षांत तुला मी एक बोट लावलेलं नाही.
ती म्हणाली, व्हय. खरं हाय.
पुढे काहीतरी म्हणाली, पण पंखा फार आवाज करत होता. ऐकू आलं नाही. मला ऐकायचं होतं. पंख्याचं बटण तिच्या डोक्यामागे भिंतीवर. मी उठलो, दोन पावलं गेलो आणि बंद करायला हात वर केला.

मालूने मान खाली घातली. त्याच क्षणी सरूनेही. जावई सहा फूट उंच, तोही गुडघ्यांत वाकला. नात तर सरसर टेबलाखाली, तोंडावर दोन्ही हात. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कुणी ओरडलं नाही.

माझा हात वरच राहिला. तो परत कसा आणायचा ते सुचेना. शेवटी हळूहळू खाली आणायला लागलो. तसतसे ते सगळे आणखी खाली वाकले.