आज पुन्हा बं.प.

६ नोव्हें., गुरु., वडूज
कॉम्प्युटरचं नवं मशीन आज पुन्हा बंद पडलं. यापुढे नुसतं 'बं.प.' लिहीन, पूर्ण शब्दाची त्याची लायकी नाही. स्क्रीन काळी, मग आपोआप चालू, जसं काही घडलंच नाही. गिअरबॉक्सचं निम्मं ड्रॉइंग गेलं. हे ज्यानं जोडलं तो चुलतभाऊ विन्या फोनवर म्हणतो, नवं हाय ताई, रुळंल. नवी सून आहे का ती, रुळायला? कराडला कसलासा कोर्स केलाय म्हणे. कोर्स झाला, डोकं तिथंच विसरून आला.

८ नोव्हें., शनि.
मीटिंगमधून पुन्हा गायब झाले. पुण्याहून साहेबांचा फोन. आवाजात साखर. वडील चालायला लागेपर्यंत घरून काम करा म्हणालो होतो, पण असं असेल तर एक तारखेपासून ऑफिसात या. म्हणजे मी पुण्याला आणि आप्पा सांगलीला दादाकडे, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट कायमची बंद. खुब्याचं हाड मोडल्यापासून आप्पांची धाव पलंग ते संडास, तीही काठी आणि माझा खांदा धरून. त्यांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

११ नोव्हें.
विन्या आला. रॅम काढली, शर्टाला पुसली, फुंकर मारली, परत बसवली. दोनदा चहा. जाताना म्हणाला, नजर लागली असंल, आणि कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधून गेला. तो स्टँडवर पोचायच्या आत बं.प. लिंबू पोह्यांवर पिळलं. त्याचा तेवढा तरी उपयोग.

१३ नोव्हें.
मशीन मांडीवर घेऊन एसटीनं साताऱ्याला, दुकानात. तिथं दिवसभर चाललं, एकदाही बंद नाही. दुकानदार म्हणाला, मशीन ओके आहे मॅडम, वापरणाऱ्यावर पण असतं. बाई दिसली की दोष तिच्या बोटांत. लाईट कमी-जास्त होते का, असंही विचारलं. म्हटलं, घरात इन्व्हर्टर आहे, त्याच बोर्डावर माझा जुना लॅपटॉप वर्षानुवर्षं चालला. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. घरी आणलं, लावलं, बं.प.

१७ नोव्हें., सोम.
इंटरनेटवरच्या विद्वानांचं ऐकून विंडोज पुन्हा टाकली. पुन्हा टाकली. बं.प. ज्यांना स्वतःच्या घरचा फ्यूज बदलता येत नसेल ते जगाला सल्ले देतात.
रात्री मेथीची भाजी, परसातल्या वाफ्यातली. कोवळी. मी पाणी सोडत नाही, मग ही जगली कशी? आप्पा म्हणाले, शेजारची अंजाक्का मोटार लावती. भली बाई.

२० नोव्हें.
अंजाक्का कालपासून कुंडलला लेकीकडं. आणि आज ऐन कामात परसातून बोअरच्या मोटारीची घरघर. त्याच क्षणी बं.प.
तशीच उठले. ज्यानं बटण दाबलं त्याला सोलायचा, असं ठरवून मागं गेले.
आप्पा. लुंगी खोचलेली, हातात खोरं, वाफ्याला बारं देत, पाणी वळवत ताठ उभे. काठी कुठं दिसेना. मला बघितलं आणि भिंत धरली. एवढ्या उशिरा!
"कवापास्नं चालताय?"
"दिवाळीच्या आदीपास्नं."
"मग सांगितलं का न्हाई?"
खोरं बाजूला ठेवलं. "सांगितलं असतं तर तू ऱ्हायली असतीस व्हय, पोरी?"
मला राग यायला हवा होता. आला नाही, रडू आलं. त्याचाच राग आला.

२१ नोव्हें.
इन्व्हर्टरच्या मागं एक बारकं बटण असतं. आमचं पंखे-दिव्यांच्या बाजूला होतं. मोटार सुरू होताना लाईट खाली बसते, ती तशीच कमी दाबानं मशीनला जायची. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी, त्याला कळायचंच नाही. बटण कॉम्प्युटरच्या बाजूला सारलं. आप्पांना म्हटलं, लावा मोटार. लावली, बंद केली, परत लावली. मशीन ढिम्म, चालूच.
मेथीला पाणी पाजण्याच्या नादात स्वतःला सांगलीला धाडायला निघाला होता हा माणूस. विन्याला कळवलं तर म्हणतो, म्हंजी आमची जोडणी चोख हुती. दुकानदाराला कळवणार नाही.
साहेबांना कळवलं, मशीन ठीक. म्हणाले, छान, घरूनच करा. वडील चालायला लागले की सांगा.

२३ नोव्हें., रवि.
दादा सांगलीहून आला. आप्पा सकाळपासून पलंगावर कण्हत होते. दादा म्हणाला, चालून दाखवा बघू. आप्पांनी काठी मागितली, दोन पावलं टाकली, थरथरले, बसले. इतका वाईट नट गावच्या जत्रेतही खपला नसता.
दादा माझ्याकडं वळला. "संगे, खरंच अजून जमत न्हाई?"
आप्पाही माझ्याकडंच बघत होते. म्हटलं, चहा टाकते.
चहा उतू गेला. दोघंही अजून बाहेर बसलेत. दादाचा मुक्काम उद्यापर्यंत आहे. तोवर मेथीला पाणी नाही, आणि आप्पांचं सारखं परसाकडं लक्ष.