ताईची कॉट

फोरबर्ग,
सोमवार, संध्याकाळ

तीर्थरूप सुनीतीवन्सं यांना,

सुनेत्राचा नमस्कार. कागदावर कंबर दुखत नाही, त्यामुळे हा अगदी पूर्ण वाकून केलेला आहे. तुमची साखर कशी आहे? गुडघे? सकाळचं फिरणं चालू आहे ना, की बागेतल्या त्या बाईंशी पुन्हा अबोला? इकडे आम्ही दोघं ठीक. श्रीकांतचा खोकला गेला. (तुमच्यासमोर मी अजूनही ‘हे’ म्हणते, पण आता नातवंडं व्हायच्या वयात पत्रात तरी नवऱ्याचं नाव घेऊ द्या. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बिआट्रिस प्रत्येकाचं नाव स्पष्ट, ओठ उघडून घ्यायला लावायच्या. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी तसं घेतलं आणि तुमच्या हातातली चहाची गाळणी खाली पडली होती.)

फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. वन्सं, फोन श्रीकांतचा आहे. शनिवारी सकाळचा तुमचा व्हिडिओ कॉल म्हणजे भावा-बहिणीचा कॉल. मी त्यात मागून चहाचा कप घेऊन जाणारी बाई असते. मल्हारची बायको वैदेही गुरुवारी माहेरी पुण्याला निघाली आहे, म्हणून तिच्या हाती हे पाठवते आहे. पाकीट नीट चिकटवलं आहे. मुलगी चांगली आहे, पण शेवटी ती माझी सून आणि मी तिची सासू, तेव्हा खबरदारी.

तर विषय कॅरॅव्हॅनचा. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची ती चाकांवरची खोली. हे घर विकून उरलेलं आयुष्य तिच्यात काढायचं, उन्हाळ्यात इथे नदीकाठी, थंडीत खाली स्पेनला, आणि सरकारी कागदांपुरता पत्ता मल्हारच्या बेस्ट गावातल्या घराचा, असं सगळं ठरलं. आणि ठरलं आहे, हे मला तुमच्याकडून कळलं! मी भेंडी चिरत होते, श्रीकांत अंघोळीला गेला होता आणि तुमचा फोन वाजला म्हणून मी उचलला. तुम्ही म्हणालात, “काय गं, घर विकताय म्हणे?” मी म्हटलं, “हो ना.” काय करणार? मला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. त्या दिवशीची भेंडी इतकी बारीक चिरली गेली की तिची भाजी न होता लगदा झाला, आणि श्रीकांतने तो “ताई करते तसा नाही झाला” एवढंच म्हणून संपवला.

मला राग नाही. सासूबाई गेल्या तेव्हा श्रीकांत चौथीत होता आणि तुम्ही कॉलेजात. त्याच्या शर्टाची बटणं तुम्ही लावलीत, शाळेच्या नोकरीत मुख्याध्यापिका होईपर्यंत स्वतःचं लग्न बाजूला ठेवलंत. हे मी जाणते, आणि कोणी विचारलं तर अभिमानाने सांगते. पण वन्सं, महाबळेश्वरला आम्ही लग्नानंतर गेलो, तर पहिली स्ट्रॉबेरीची टोपली ताईसाठी. साड्या घेतल्या की दोन, आणि काठ ताईच्या साडीचे मोठे. मुलाचं नाव ताईने ठेवलं. (मल्हार हे नाव चांगलं आहे, माझं म्हणणं तसं नाही.) इथे परदेशात तीस वर्षांपूर्वी आलो, तर मला वाटलं आता समुद्र मध्ये आहे, पण घरभरच्या पडद्यांचा रंगसुद्धा पुण्याहून आला. राखाडी. इथे आधीच सहा महिने आभाळ राखाडी असतं.

आणि गंमत अशी की, भेंडीचा राग ओसरल्यावर मीच त्या कॅरॅव्हॅनच्या प्रेमात पडले. श्रीकांत मला आल्फेन गावाच्या पुढे एका विक्रेत्याकडे घेऊन गेला, वाउटर म्हणून उंच, गंभीर माणूस आहे. त्याच्या आवारात ओळीने पांढऱ्या कॅरॅव्हॅन उभ्या. मी एकीत शिरले आणि मला एकदम बोर्डिंग आठवलं. लोखंडी पलंग, उशाशी छोटं कपाट, त्याची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. त्या कपाटात फार काही नसायचं, दोन फ्रॉक, आईचं पत्र, चोरून आणलेल्या चिंचा. पण आत काय ठेवायचं आणि कुठे, हे फक्त मी ठरवायची. त्यानंतर माझ्या वाट्याला असं कपाट आलेलं नाही, वन्सं. घरं आली, मोठाली आली, पण ती आधीच कोणीतरी लावून ठेवलेली असायची. त्या दिवशी मी तिथे उभी राहून एक ड्रॉवर पंधरा वेळा उघडला आणि बंद केला. वाउटरला वाटलं तो अडकतो आहे.

मग सुरू झाला तुमचा फोन. श्रीकांत मोबाईल उंच धरून तुम्हाला एकेक कॅरॅव्हॅन दाखवत होता (तुम्हाला बहुतेक छतच दिसत होतं), आणि तुम्ही पुण्याहून विचारलंत, “झोपताना पाय दक्षिणेकडे तर येत नाहीत ना?” झालं. श्रीकांतने मोबाईलवरचं होकायंत्र काढलं आणि प्रत्येक पलंगावर आडवा होऊन दिशा पाहू लागला. एकीत पाय दक्षिणेला, नापसंत. दुसरीत पश्चिमेला, ताईला विचारतो. मी म्हटलं, “अरे, ही घरं चाकांवर आहेत, फिरव आणि झोप!” त्यावर तो म्हणाला, “ताई म्हणतेय ते काही उगीच नसेल.” वाउटर अदबीने पुढे आला. त्याला वाटलं आम्ही टीव्हीची तबकडी बसवणार आहोत. त्याने समजावलं की काळजी नको, इथे तबकडीचं तोंड दक्षिणेकडेच करतात. श्रीकांतने ते तुम्हाला कळवलं आणि तुम्ही म्हणालात, टीव्हीचं चालेल, माणसांचं नाही. एका इंजिनिअरने आयुष्यभर लोकांना मोजमापं शिकवली आणि शेवटी हे!

दुसऱ्या खेपेला मी पोळपाट-लाटणं आणि डब्यात मळलेली कणीक घेऊन गेले. यात हसण्यासारखं काही नाही. ज्या ओट्यावर पोळी लाटता येत नाही तो ओटा घरातला नव्हे. आठ कॅरॅव्हॅनमध्ये मी लाटून पाहिलं. एकीत कोपर संडासाच्या दाराला लागायचं, एकीत शेगडीचं झाकण पोळपाटावर पडायचं. वाउटर माझ्यामागे पिठाचे डाग पुसत फिरत होता. शेवटी त्याने फक्त विचारलं, प्रवासात तुमच्याबरोबर सगळ्यात जड वस्तू कोणती असेल? श्रीकांत म्हणाला, पुस्तकं. मी म्हटलं, नणंदेचं मत. वाउटर हसला नाही. त्याने गंभीरपणे सांगितलं, की जड ते नेहमी मधोमध, खाली, चाकांच्या बरोबर वर ठेवायचं, म्हणजे गाडी हेलकावत नाही.

आता मुद्द्यावर येते. दोन कॅरॅव्हॅन उरल्या आहेत, वाउटरने दोन्ही शनिवारपर्यंत राखून ठेवल्या आहेत. एक लहान, दोघांची. तिच्यात टोकाला खिडकीखाली टेबल आहे, आणि ओट्यावर पोळी लाटताना समोर झाडं दिसतील. दुसरी मोठी. तिच्यात पोळी लाटायची तर संडासाचं दार बंद ठेवून, श्वास आत घेऊन. पण मधोमध, बरोबर चाकांच्या वर, भिंतीला लागून एक जास्तीची कॉट आहे. श्रीकांतने ती पाहिली, हात लावून पाहिली, आणि म्हणाला, “ही ताईची कॉट.” तुम्ही येणार की नाही, हे तुम्हाला विचारलेलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून घरात तोच शब्द चालू आहे. ताईच्या कॉटखाली डबे बसतील. ताईच्या कॉटला वाचायचा दिवा हवा. काल तर तिच्यासाठी चादर घेऊन आला. माझ्या पलंगाला अजून चादर नाही. जे घर आम्ही अजून विकतसुद्धा घेतलेलं नाही, त्यात तुमची जागा ठरली आणि माझा ओटा गेला.

मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. त्या वयात मी नाही. मी फक्त वरच्या खोलीत जाऊन राखाडी पडदे ओढले आणि थोडा वेळ बसले. मग मी खाली येऊन म्हटलं, “तुझ्या मनाला येईल ती घे.” तो खूश होऊन म्हणाला, “शनिवारी ताईला विचारून नक्की करू.”

तेव्हा तुम्ही म्हणाल ते होईल. माझं काहीच म्हणणं नाही, हे एवढ्यासाठीच लिहिलं. प्रकृतीला जपा, ओल्या पायरीवरून जाऊ नका, आणि आमच्यावर आहे तशी माया असू द्या; त्याच्यावर आहे त्यातली थोडी इकडे वळली तरी मी तक्रार करणार नाही.

तुमची भावजय,
सुनेत्रा

ता. क. शनिवारी तो विचारेल, “ताई, मोठीच ना?” तेव्हा कृपा करून लहान म्हणा. पण लगेच म्हणू नका, त्याला संशय येईल. आधी नेहमीसारखं लहानीला नाक मुरडा. मग म्हणा, मोठीची पायरी उंच आहे, माझ्या गुडघ्यांना जमायची नाही. आणि मग सहज विचारा, “सुनेत्राला कुठली आवडली?” हा प्रश्न त्याने मला अजून विचारलेला नाही. तुम्ही विचारलात तर त्याच्या लक्षात येईल की तो विचारता येतो.

ता. क. २ वैदेही परत येताना तुमचा गोडा मसाला पाठवा, जरा जास्त. श्रीकांतला माझ्या मसाल्याची आमटी चालते. तुमच्या मसाल्याशिवाय जेवण जात नाही ते मला. हे त्याला कळू देऊ नका, फार चढून बसेल.

ता. क. ३ लहान कॅरॅव्हॅन दोघांचीच आहे असं वर लिहिलं, ते श्रीकांतपुरतं खरं आहे. तो चाकं पाहत होता तेव्हा वाउटरने मला दाखवलं: खिडकीखालचं टेबल खाली दाबलं, दोन गाद्या सरकवल्या, की एका माणसाचा पलंग होतो. मी त्यावर आडवी होऊन पाहिलं. आपल्या दोघींची उंची सारखीच, पाय मावतात. मे महिन्यात इथे सगळं फुललेलं असतं, तेव्हा या. पलंग मी स्वतः घालीन, रोज. फक्त त्याला तुमचं नाव द्यायचं नाही, आणि सकाळी लवकर उठायचं. तुम्ही उठल्याशिवाय आमच्याकडे चहा ठेवायला टेबल नसेल.