तेलाला दारं लावली त्याची हकिगत

कदिना, सोमवार

प्रिय जेथ्रोदादास,

मर्व्हचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींच्या कोंबड्या पुन्हा अंडी देऊ लागल्या का? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. आमची स्पोर्ट्स कारही ठणठणीत आहे, आणि ती कशामुळे, हे सविस्तर सांगायलाच हवं.

टेकडीवरच्या शर्यतीत माझ्या इंजिनाची बेअरिंगं दोनदा जळाली, हे तुला ठाऊक आहेच (अख्ख्या कदिनाला आहे). दोष माझ्या चालवण्याचा नाही, तेलाचा. लांबलचक उजव्या वळणावर तेल डावीकडे पळतं, पंप नुसती हवा ओढतो आणि उरलेल्या तेलाला बियरसारखा फेस येतो. "आता पुन्हा जळाली तर गाडी त्या मेंढ्यावाल्या हॉकिंगला विकायची," असं तुझ्या भावजयीने, म्हणजे मर्लने, पास्टीच्या, त्या खिम्याच्या करंज्यांच्या, पाऱ्या लाटता लाटता बजावलं. (हॉकिंगला! तो तिच्यात मेंढ्या नेईल.)

मग मी कंबर कसली. इंजिनाच्या पोटाखाली, तेल साठतं तिथे, पत्र्याची चौकट जोडली, तिला छोटी लोंबती दारं लावली. तेल पंपाकडे येताना उघडायची, परत पळू लागलं की मिटायची. फेसासाठी एक उंच डबा बसवला. त्यात तेल कडेकडेने गरगरत उतरतं आणि हवा मधून वर निघून जाते. देखणं काम! फक्त तेव्हा इंजिन स्टँडवर उलटं होतं. दारं माझ्यासमोर झकास झुलत होती. इंजिन सुलटं झालं तशा बिजागऱ्या खाली गेल्या आणि दारं आडवी पडली. हे मला कळलं ते सरावाच्या पहिल्याच वळणावर, तेलाच्या दाबाचा काटा कोसळल्यावर. इंजिन तिथेच बंद करून गाडी उताराने मागे मागे आणली.

"काय रे, दारं झोपली वाटतं?" मर्लने विचारलं.

"जरा आडवी झालीत."

"हॉकिंगला फोन लावू?"

"रविवारपर्यंत थांब गं बाई!"

बिजागऱ्या वर घेतल्या. काल त्याच वळणावर काटा जागचा हलला नाही, तेलात फेसाचा बुडबुडा नाही. गाडी विकायची नाही, हे मर्लनेही कबूल केलं. एकूण, जिंकलो.

तुझा,
मर्व्ह

ता. क. काल गाडी मर्ल चालवत होती. काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती मानेना.

ता. क. दुसरा. ती माझ्यापेक्षा लवकर वर पोचली. बरीच. आता मोसमभर तिचंच नाव नोंदवलंय. मी टायर पुसतो.

ता. क. तिसरा. तुझ्या शेडमधली गाडी मोसमापुरती देशील का? दारं मी बसवून देईन. मात्र ती फक्त मर्व्हनेच चालवायची, अशी अट लेखी पाठव. मर्लला दाखवायला लागेल.