सरळ मानेची लाल गिटार

सोमवार, ३ नोव्हेंबर

आणि वर मलाच शिकवतो! म्हणे, बाई, गिटारच्या मानेला थोडा बाक लागतोच. लाकूड बघता बघता माझे केस पिकले, आणि हा जुन्या वाद्यांच्या दुकानातला दाढीवाला मला लाकूड शिकवणार. बाक आलेलं दार आमच्या वर्कशॉपमध्ये पॉलिशला आलं तर मी मालकाच्या तोंडावर परत करते. एक डोळा मिटायचा, फळी दुसऱ्या डोळ्याला लावायची, पार टोकापर्यंत बघायचं. गिटारची मान तशीच बघितली. मधोमध खड्डा. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर मोठ्यानेच सांगितलं. मग बोटाने ठोकून बघितली, तर अंगावर ओरडला, बाई, हे दार नाही! म्हटलं, दार असतं तर तुझ्याकडे कशाला तडफडले असते.

म्हणतो, तार थरथरते, तिला खाली जागा नको का. जागा म्हणे! निघून आले.

यांच्यासाठी घ्यायची आहे. नणंद परवा बोलता बोलता बोलून गेली की दादाच्या गिटारची मान मोडली, आता वाजवत नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. हे घरी का येत नाहीत? गिटार नाही म्हणून. बँडमधला माणूस, रिकाम्या हाताने येणार कसा? लाजत असणार.

हे गेल्या वर्षापासून त्यांच्या बँडमधल्या गाणाऱ्या बाईकडे आहेत, प्रॅक्टिसला. आमच्या खोलीत आवाज घुमतो. कपडे नेले, रजई नेली, दाढीचं सामान नेलं. प्रॅक्टिस लांबली तर लागतंच सगळं.

ठरवलं. मान सरळ असेल तीच गिटार घ्यायची. आणि उद्यापासून कोणावर ओरडायचं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओरडावंसं वाटलं की वहीत लिहा, प्रेशर वाढणार नाही. लिहिताना जास्त वाढतं. चौथीत शाळा सुटली, जोडाक्षरं मेली हाताला येत नाहीत.

बुधवार, ५

लंबूवर ओरडले. लंबू माझ्या शेजारी बसून पॉलिश पेपर घासतो. पूर्वी कुठल्याशा बँडचं सामान उचलायचा, म्हणून त्याला विचारलं. तोही तेच म्हणाला, थोडा बाक लागतो. मग ओरडू नको तर काय करू?

एक गोष्ट मात्र कामाची सांगितली. मान जिथे खुंट्यांच्या डोक्याला जोडलेली असते तिथे मागून अंगठा फिरवायचा. गिटार पडली की तिथेच तडकते. तिथे भेग असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका मावशी, म्हणाला. तारांचा ताण मोठा, आज ना उद्या उघडतेच.

हे मला माहीतच होतं. खुर्चीचं तसंच असतं.

मग विचारतो, काकांना गिटार हवी का ते विचारलंत का? म्हटलं, भेट कधी विचारून देतात का रे? तर तो घासून झालेलीच फळी परत घासत बसला.

शनिवार, ८

मिळाली! एक नर्स विकत होती. तिचा भाऊ दूरदेशी गेला, गिटार कपाटावर पडून होती. लाल! हे पहिल्यांदा दिसले तेव्हा यांच्या गळ्यात होती, अगदी तसली लाल. मी तेव्हा हॉलच्या दाराला पॉलिश मारत होते आणि आत यांचा बँड वाजत होता. एका दारावर तीन हात जास्त बसले माझे.

एक डोळा मिटून बघितलं. मान सुतासारखी सरळ. वर पट्टी ठेवली तर खाली कागद जाईना. दाढीवाल्याने येऊन बघावं म्हणावं.

मागून अंगठा पण फिरवला. डोकं जोडलंय तिथे बोटभर जागा बाकीच्यापेक्षा जास्त चमकते. नवं पॉलिश. खुर्चीचा पाय तडकला की आम्ही हेच करतो. भेगेत भुसा आणि गोंद, वर रंग, वर पॉलिश, गिऱ्हाइक खूश. पण ते खुर्चीचं झालं. इथे कोणीतरी ओरखडा झाकला असेल. नर्सच्या घरात वस्तू नीटच राहणार, हात सारखे धुतात त्या.

ठोकून बघितली नाही. परक्याच्या घरात ठोकाठोकी बरी दिसत नाही.

घेतली. बसमध्ये तिला सीटवर बसवलं, मी उभी राहिले. एक बाई म्हणाली, हे उचला, मला बसू द्या. ओरडायचं नाही असं ठरलंय, म्हणून नुसतं बघितलं. ती पुढे गेली.

रविवार, ९

वायरमनला बोलावून खिडकीखाली नवा प्लग बसवून घेतला, त्यांच्या स्पीकरसाठी. खुर्ची तिथेच सरकवली. मागे उशी. बसून बघितलं, छान वाटतं.

नणंदेला सांगितलं, पुढच्या रविवारी दादाला पाठव, काय आहे ते सांगू नको. काय आहे, म्हणाली. सांगून टाकलं, पोटात राहिना. तर म्हणते, वहिनी, तुम्ही असं का करता? म्हटलं, कसं? म्हणाली, दादा तिथे राहतो हो. म्हटलं, माहीत आहे मला, प्रॅक्टिसला. तिने तोंड फिरवलं आणि नाक पुसलं. सर्दी झाली असेल. हवा बदललीय.

बुधवार, १२

हवेनेच झालं. तारा ताणून ठेवाव्यात म्हणजे आल्या आल्या वाजवता येईल, म्हणून खुंट्या पिळत होते. हे पिळायचे तेव्हा बघितलंय मी. चौथ्या तारेला मागून कट् असा आवाज आला. बारीक रेघ. केसाएवढी.

रडले नाही. म्हणजे थोडंसं.

मग म्हटलं, अगं, तू पॉलिशवाली ना? दुपारच्या सुट्टीत पोत्यात घालून वर्कशॉपमध्ये नेली. तारा काढल्या, जुनं पॉलिश घासून काढलं. खाली भेग होती, आरपार, आधीची. कोणीतरी गबाळ्याने भरलेली. असं काम मी केलं असतं तर मालकाने हाकललं असतं. मी नीट भरली. सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. लंबू दुसरं टोक धरून उभा राहिला. म्हणाला, मावशी, ही आता दिसेल फक्त. वाजणार नाही. म्हटलं, आधी दिसू तर दे.

शनिवार, १५

शेवटचा हात वाळला. मालकाने उचलून उजेडात फिरवली, कुठे काम केलंय ते सापडलं नाही त्याला. आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नाही मी. तारा चढवल्या, सैलच ठेवल्या.

उद्या हे येणार. केसांनाही एक हात मारला. कानाला लागला काळा, निघत नाही.

ठरवलं. उद्या कमी बोलायचं.

रविवार, १६, संध्याकाळ

आले होते.

बेल वाजवली. स्वतःच्या घराची. इस्त्रीचा शर्ट होता, मी घेतलेला नव्हे. अंगाने भरलेत. खुर्चीत बसले, उशी काढून बाजूला ठेवली. नव्या प्लगला फोन चार्जिंगला लावला. म्हणाले, बरं झालं, इथे पॉइंट केलास.

गिटार मांडीवर दिली. यांनी लाल रंगावरून हात फिरवला, आणि मला वाटलं, झालं काम. मग अंगठा आपला आपण मागे गेला आणि बरोबर तिथेच थांबला. मालकाला सापडलं नाही ते यांना सापडलं. म्हणाले, हे तूच केलंस ना? तुझा हात ओळखू येतो.

मी म्हटलं, चहा टाकते.

मग एक डोळा मिटून मान बघितली. माझ्यासारखीच! हे त्यांनी माझंच बघून उचललंय. म्हणाले, काम सुरेख झालंय, पण ताण घेणार नाही. आणि इतकी सरळ चालतही नाही, तार घासते. भिंतीला टांग, छान दिसेल. मी ओरडले नाही.

मग म्हणाले, मी आता वाजवतच नाही. बोटं दुखायची. मान मोडली तेव्हा वाटलं, सुटलो. आता तिचे कार्यक्रम ठरवतो, गाडी चालवतो. बरं चाललंय. म्हणाले, मी परत येणार नाही. वर्षभर सांगतोय, तू ऐकतच नाहीस. सोड आता.

फोन वाजला. वायर काढली आणि उठले. चहा अर्धा ठेवला. दारात म्हणाले, प्रेशरच्या गोळ्या घेतेस ना?

सोमवार, १७

कामावर गेले नाही. लंबू दुपारी येऊन गेला. दाराबाहेरूनच विचारलं, आवडली का काकांना? म्हटलं, हो, खूप. म्हणाला, बरं. तरी उभाच होता. मग गेला.

सकाळपासून विचार करतेय. वर्ष झालं, तरी अंगठ्याने माझा हात ओळखला. गेलेला माणूस असं ओळखतो का? गोळ्यांचं विचारतो का? घाईत होते, फोन वाजत होता, म्हणून तसं बोलले.

दुपारी गिटार घेतली आणि बोटाने ठोकली. सगळीकडे टण वाजते, तिथे ठप्प. नर्सच्या घरीही ठप्पच वाजली असती. ठाऊक होतं मला. लाल होती हो.

तुम्ही हे वाचणार नाही, मीही दाखवणार नाही. तरी लिहिते. काल जे बोललात ते मी धरत नाही. ते तुम्ही प्लगकडे बघून बोललात. असं चालत नाही. माझ्याकडे बघून सांगायचं, बसून, चहा पूर्ण पिऊन. येणार की नाही, एवढंच. येत्या रविवारी, दिवे लागायच्या आत. बेल वाजवायची गरज नाही, दार उघडं ठेवते. पण उत्तर रविवारीच पाहिजे मला.